चिनार, कैरागच आणि लग्नातली रजई

मस्तूरा-खाला झाड लावायच्या आधी उन्हात बसते. ऐन चिल्ल्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या त्या चाळीस भाजक्या दिवसांत, ती सकाळीच तुमच्या अंगणात येते आणि संध्याकाळपर्यंत हलत नाही. आमच्याकडे आली तेव्हा मी घाईघाईने भिंतीच्या आडोशाला तिच्यासाठी गादी टाकली. ती म्हणाली, "सावली असती तर मला कशाला बोलावलं असतंस, पोरी?" आणि अंगणाच्या मधोमध जाऊन बसली.

वय एकाहत्तर. धंदा कलमं बांधण्याचा. नवरा गेला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. कलमं बांधायचे तिचे सासरे. त्यांचा हात थरथरू लागला तेव्हा ते सांगायचे आणि ही सुरी चालवायची. बाईच्या हातचं कलम धरत नाही, असं चहाखान्यातले पुरुष म्हणत. खालाने वाद घातला नाही, चहाखान्यासमोरच्याच खुंटावर कलम बांधलं. आता ते सगळे म्हातारे त्याच कैरागचाखाली, म्हणजे त्या कलमी एल्मच्या झाडाखाली, बसून घोरतात. कलमाला गुंडाळायला ती आपले जुने झगे फाडते, म्हणून आमच्या उर्गुत गावातले कैरागच झग्यांवरून ओळखले जातात. शाळेजवळचा हिरव्या झग्याचा, पुलाजवळचा ठिपक्यांचा.

मी तिला बोलावलं ते माझ्या झरनिगोरसाठी. ती सात वर्षांची आहे. ऊन लागलं की तिच्या अंगावर लाल गांधी उठतात, मग फोड येतात. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हापासून जपा. जपायचं म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी फार जपते. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा झगा घालते आणि दिवसभर खिडकीच्या आत ठेवते. गल्लीतल्या पोरी खिडकीशी येतात, थोडा वेळ खेळतात आणि कंटाळून पाटाच्या पाण्यात डुंबायला पळतात. ती त्यांच्या ओल्या पावलांकडे बघत बसते. मला सावली हवी होती, आणि ती मोठी व्हायच्या आत हवी होती.

सासऱ्यांना, म्हणजे हैदरकुल-बाबांना, चिनार हवा होता. त्यांनी दर्ग्याजवळच्या थोरल्या चिनाराची फांदी आणून बादलीत रुजवलीही होती. उर्गुतचा माणूस आणि दारात चिनार नाही, याची त्यांना जन्मभराची खंत. पण आमच्या अंगणात झाडाला जागा एकच, पाटाच्या कोपऱ्यात, आणि तिथे एक रानटी कैरागच आपोआप उगवलेला होता. त्याला बाबा मेंढी बांधत, आणि ईदला त्याच्या खोडात ठोकलेल्या खिळ्याला मेंढी टांगून सोलत. थंडी सुरू झाली की तो तोडून तंदुरात घालायचा आणि वसंतात तिथे चिनार लावायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

खालाने चिनाराला एकदाही नावं ठेवली नाहीत. तो भराभर वाढतो, सातशे वर्षं जगतो, त्याच्याखाली हवा थंड असते, हे सगळं तिनेच सांगितलं. पण त्याची सावली उंचावरून पडते आणि तिला भोकं असतात. वसंतात त्याची लव उडते आणि पोरांच्या घशात जाते. कलमी कैरागच बुटका, गोल आणि दाट. पाऊस आला तर कोंबड्या आधी त्याच्याखाली पळतात. मात्र त्याला कीड फार. लक्ष दिलं नाही तर ऐन उन्हाळ्यात पानांची चाळण होते. "आळशाच्या घरात मी तो लावत नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. आळशी असण्याइतकी स्वस्थता मला कधी मिळालेली नाही, हे तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

मग तिने मला कामाला लावलं. छपरासाठी ठेवलेल्या वाशांतला सर्वांत लांब वासा आम्ही पाटाजवळ उभा केला. त्याच्या टोकाला आडव्या काठ्या बांधल्या आणि त्यांवर जाळीचा जुना पडदा पसरला. हा चिनार. त्याच्या शेजारी एक आखूड वासा, त्यावर गाढवगाडीचं मोडकं चाक, आणि चाकावर माझ्या लग्नातली जाड रजई. हा कैरागच. बाबा दाराशी उभे राहून हसत होते. "सूनबाई, रुखवत वाळत घातलंस का?"

दुपारी दोन्ही सावल्या जवळजवळ एकाच जागी होत्या. बाबा मिशीतल्या मिशीत खूश. पण आम्हाला सावली लागते ती दुपारनंतर, पोरी खेळायला निघतात तेव्हा. ऊन कलू लागलं तशी पडद्याची सावली सरकली. आधी आमच्या बसायच्या माच्यावरून गेली, मग कोंबड्यांच्या खुराड्यावरून, मग भिंतीवर चढली. रजईची सावली लांबली, पण आमच्या लाकडी माच्यावरच राहिली, काळी, गच्च. मी अनवाणी त्या दोन सावल्यांमधून धावत होते. पाय भाजत होते, पण मला थांबवेना. झरनिगोर खिडकीतून ओरडून विचारत होती, "आई, कुठे गेली? आता कुठे गेली?"

चार वाजता चिनाराची सावली भिंतीपलीकडे उतरली. आणि भिंतीवर आमचे शेजारी तुरोब-अका यांचं डोकं उगवलं.

"हैदरकुल-अका, चिनारच लावा हो," ते म्हणाले. "बरोब्बर माझ्या खाटेवर येतेय. पाणी मी घालीन."

"तुम्ही? तुम्ही स्वतःच्या गाढवाला पाणी घालत नाही," खाला म्हणाली.

बाबा हसले नाहीत. एवढा थोर चिनार आपण वाढवायचा आणि त्याच्याखाली तुरोबने पसरायचं, हे त्यांना गिळवेना. पण हट्टही सुटेना. त्यांनी सात पिढ्यांचं काढलं. कैरागच काय, शंभर वर्षांत संपेल. चिनाराखाली सात पिढ्या बसतील.

खाला उठली, त्या रानटी कैरागचाजवळ गेली आणि तिने दोन्ही हातांनी त्याचं खोड कवळलं. मग म्हणाली, "सातव्या पिढीचं सातवी पिढी बघेल, बाबा. तुमची ही खिडकीत बसलीय, तिचं बोला. हा खुंट तयार आहे. याच्या डोक्यावर मी कलम बांधलं तर तीन उन्हाळ्यांत सावली देईल. तुमचा बादलीतला सावलीला यायला ही सासरी गेलेली असेल."

बाबा घरात गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला कुऱ्हाडीचा आवाज आला. पीठ लागलेल्या हातांनीच मी बाहेर धावले. बाबा कैरागचाशी ओणवे झाले होते. मेंढीचा दोर सोडून बाजूला टाकला होता, आणि ते कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने ईदचा तो खिळा ठोकून ठोकून सैल करत होते. "अंगात लोखंड ठेवून कलम धरतं होय?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

वसंतात, नवरोजनंतर, रस चढला तेव्हा खाला आली. खोड किती उंचीवर कापायचं? तिने बाबांना टोपीसकट खोडाशी उभं केलं आणि टोपीच्या वर चार बोटांवर करवत लावली. कडेने सालीखाली कलमी कैरागचाच्या चार काड्या बसवल्या. मग तिने पट्टीसाठी स्वतःचा झगा काढला नाही. झरनिगोरला म्हणाली, "तुझा तो लांब बाह्यांचा आण." झरनिगोरने तो एवढ्या आनंदाने टराटरा फाडला की मला रडू आलं आणि हसूही.

पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी स्टुलावर चढून बघत होते. खालाने बजावलं होतं, हात लावायचा नाही. मी हात लावला नाही, पण श्वास धरून इतकी जवळ जात असे की बाबा म्हणायचे, तुझ्या धाकानेच तो फुटेल. बाविसाव्या दिवशी एका काडीच्या डोळ्यातून कोंब फुटला. मी स्टुलावरूनच किंचाळले. तुरोब-अका पायजमा सावरत भिंतीशी धावून आले.

चारांतल्या तीन काड्या जगल्या. चिनार बाबांनी गल्लीच्या तोंडाशी, पाटाच्या काठी लावलाय. पाणी खरंच तुरोब-अका घालतात.

हा पहिला उन्हाळा. कैरागचाची सावली एखाद्या मोठ्या नान-रोटीएवढी आहे. काल ऊन उतरल्यावर झरनिगोरने बाहुली आणून बरोबर त्या सावलीत ठेवली, आणि सावली सरकेल तशी ती बाहुलीला सरकवत राहिली. गल्लीतल्या पोरी गोळा झाल्या. तिने त्यांना सांगितलं, "यंदा हिची पाळी. पुढच्या वर्षी माझे पाय. त्याच्या पुढच्या वर्षी मी सगळी."