न विचारता दिलेली माफी

नौफा आमच्या अजलूनकडच्या गावात ऑलिव्हच्या घाण्यावर फळं निवडायची. काम पटापट उरकावं म्हणून मालकाने यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावरचं झाकणच काढून ठेवलं होतं. त्यात तिचा उजवा हात मनगटापासून गेला. मी शेजारीच उभी होते. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

ती इस्पितळात बेशुद्ध असतानाच मालक गावातली वजनदार माणसं घेऊन तिच्या थोरल्या काकांकडे, खलफकाकांकडे आला. असे पाहुणे कॉफीचा पेला पुढ्यात ठेवतात, पण मागणं मान्य होईपर्यंत ओठाला लावत नाहीत. मालकाने माफी मागितली. एवढी मोठी मंडळी दारात बघून काका फुलले. "प्या कॉफी, तुमचं काम झालं," म्हणाले, आणि नौफाचा भरपाईचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही ठोकून मोकळे झाले.

बरी झाल्यावर नौफाने तरीही मालकावर दावा लावला. बाप नसलेली पोर घराण्याचा शब्द मोडते, म्हणून गाव तिच्यावर उलटलं. बायकासुद्धा मागे नव्हत्या. ती एवढंच म्हणायची, "कॉफी काकांची होती, त्यांनी खुशाल पाजावी. हात माझा होता."

कोर्टात मालकाच्या वकिलाने तोच कागद पुढे केला. हक्क सोडल्यावर आता दावा कसला, म्हणाला. कागद टिकला असता तर खटला तिथेच संपला असता.

न्यायाधीशांनी काकांना उभं केलं. सहीआधी पुतणीला विचारलं होतं का, तिने मुखत्यारपत्र दिलं होतं का, असं विचारलं. वकील 'हो म्हणा' असं डोळ्यांनी खुणावत होता. पण काका कितीही ताठ असले, तरी खोटं बोलणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

"ती बेशुद्ध होती," ते म्हणाले. "आणि शुद्धीत असती तरी विचारलं नसतं. घरातला मोठा मी आहे."

वकिलाने कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी कागद बाजूला सारला. हक्क जिचा, तिनेच तो सोडायचा, खटला चालेल, असं त्यांनी सांगितलं.

मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. नौफाने वळूनही पाहिलं नाही. तिची जबानी झाल्यावर कारकुनाने भलेपणाने शाईची डबी पुढे सरकवली, अंगठा चालेल म्हणाला.

"पेन द्या," नौफा म्हणाली.

डाव्या हाताने तिने पूर्ण नाव लिहिलं. आपलं, बापाचं, आजोबाचं, घराण्याचं. अक्षरं वाकडी आली, वेळही खूप लागला. तोवर सगळं कोर्ट थांबलं होतं, काकाही थांबले होते.