गळ्यातलं नाक

सर्दी म्हटलं की माझे कान अजूनही टवकारतात. बाकीच्यांच्या लेकरांचं नाक वाहतं, थोडे दिवस किरकिर होते, संपलं. माझ्या लेकीची सर्दी गळ्यातून वाहते. जन्मापासून तिची श्वासनळी अरुंद, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला खालच्या बाजूनं भोक पाडून तिथं छोटी नळी बसवली. ती श्वास घेते तो तिथूनच. सर्दीत त्या नळीत कफ साचतो. तो मशीननं वेळेवर ओढून काढला नाही आणि घट्ट झाला, तर नळी बुजते. आणि नळी बुजली तर... पुढचं वाक्य मी आजवर तोंडातून काढलेलं नाही.

त्या हिवाळ्यात ती चार वर्षांची होती. गावात तुरी काढणं चालू, जिकडेतिकडे थ्रेशर, हवेत नुसतं भुसकट. व्हायची तीच गत झाली. सर्दी लागली. मग माझा पाय एका जागी ठरेना. कांदा चिरायला घेतला की अर्धा टाकून उठायचं, नळीला कान लावायचा. सू-सू आवाज आला तर बरं. खरखर आली की सलाईनचे थेंब टाकायचे, बारीक पाईप आत घालायचा, कफ ओढायचा, पाईप धुवायचा, परत कांद्याकडं. तोवर परत खरखर. ताटावर बसले तरी कान तिकडंच. घास कुठला अन् काय!

त्यात गावातल्या बायका. कुणी म्हणे वाफ दे, कुणी म्हणे नाकाले तेल लाव. अवो, जिच्या नाकातून श्वासच जात नाही, तिच्या नाकाला वाफ देऊन ती जाणार कुठं? सुरुवातीला समजावून सांगायचे. नंतर नंतर तोंडावरच म्हणायचे, "बाई, तुमचा इलाज तुमच्या घरी ठेवा."

सासूबाईंना मात्र तसं कसं म्हणणार? बाई तशी धीट. शेतात साप निघाला तर माणसं मागं सरकतात, ही काठी घेऊन पुढं. पण नातीच्या गळ्याकडं तिनं कधी पाहिलं नव्हतं. मी पाईप हातात घेतला की भिंतीकडं तोंड करायची. म्हणायची, "मले नाई पाहवत वो." आणि सर्दी लागल्यापासून तिचं एकच पालुपद. धुरी. आमच्याकडं लेकराला सर्दी झाली की गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा अन् लसणाची टरफलं टाकून छातीपाठीला धुरी देतात. तिची सगळी लेकरं त्यावरच वाढली.

"कायले नोको म्हणतं धुरी?"

"आई, धूर तिच्या छातीत जाईन."

"मंग नाई जाऊ देत न नाकात! नुसती ऊब देतो."

मी नाही म्हणाले. मला वाटलं, विषय मिटला.

त्या सकाळी लेकीचे बाबा भाजी घेऊन केनवडच्या बाजाराला गेलेले. नळ आले म्हणून मी मागं पाणी भरत होते. मन सारखं पुढच्या दारात. दुसरी घागर भरता भरता ओव्याचा वास आला. घागर तशीच टाकून पळाले.

ओसरीवर सासूबाईंनी लेकीला मांडीवर घेतलेलं. समोर घमेल्यात निखारे. धूर नाकात जाऊ नये म्हणून बिचारीनं आपला पदर लेकीच्या नाकातोंडावर गच्च दाबून धरला होता. किती जपून! आणि खाली नळी सताड उघडी. सगळा धूर तिथून आत ओढला जात होता. लेक लालबुंद, हातपाय झाडतेय. आवाज नाही, कारण नळीमुळं हवा आवाजाच्या जागेपर्यंत पोचतच नाही. सासूबाईंचं लक्ष निखाऱ्यावर. "झालं माय, झालं, थांब," चाललेलं.

"आई! तिचं नाक गळ्यात हाये!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

लेकीला उचलून आत पळाले. खोकल्याची उबळ थांबेना, आणि आधीच घट्ट झालेला कफ त्या खोकल्यानं वर येऊन नळीत अडकला. थेंब टाकले. पाईप घातला. अर्ध्यात अडला. परत घातला. परत अडला. तिच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठ निळे. आता जुनी नळी काढून नवी घालण्याशिवाय मार्ग नव्हता. हे काम आम्ही नवराबायको मिळून करतो. ते धरतात, मी बदलते. फोन लावायला हात तरी कुठं मोकळा होता?

"आई, हिले धरा."

"मले नाई जमत वो, मी कधी पाह्यलं नाई..."

"पाहू नका! पण धरा!"

तिनं दोन्ही खांदे धरले. आणि पाहिलं. डोळा न हलवता पाहिलं. मी नळीची गळ्याभोवतीची फीत कापली, नळी ओढली. जुन्या नळीच्या तोंडाशी डिंकासारखा गोळा बसलेला. नवी नळी आत सरकवली. काहीच नाही. माझे कान बधिर. मग एक मोठा खोकला आला, कफाचा सपकारा सासूबाईंच्या तोंडावर उडाला, आणि सू-सू सुरू झालं.

तिनं तोंड पुसलं नाही. आपला तळवा नळीसमोर धरला आणि म्हणाली, "येऊन राह्यला वो. गरम येऊन राह्यला."

मी फीत बांधली. ओठ लाल होईपर्यंत आम्ही दोघी हललो नाही. मग ती म्हणाली, "दे मले शिव्या."

दिल्या. कसली सासू अन् कसलं काय, तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकत राहिली, तळवा तिथंच धरून. बोलता बोलता मला रडू फुटलं, हुंदक्यांनी आवाज खरखरायला लागला.

लेक माझ्याकडं बघत होती. ती गादीवरून उतरली, मशीनजवळ गेली, पाईप उचलला आणि माझ्या गळ्याला लावला. मग आजीकडं वळून तिनं बोटानं खूण केली, बटण दाब.