टॉवेलाखाली झालेले पंधरा प्रवेश

आमच्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग गेल्या वर्षी बंद होता होता वाचला. वार्षिक अहवालात याचे श्रेय संचालक मंडळाच्या दूरदृष्टीला दिलेले आहे. ही नोंद निखालस खोटी असल्याचे मी विभागप्रमुख या नात्याने तीन अर्जांद्वारे कळवले. उत्तर आले नाही. म्हणून बंकटविषयी येथे लिहितो.

बंकट आमचा शिपाई. शिक्षण सातवी, घराण्याचा धंदा नेकनूरच्या बाजारात बैलांची दलाली. नोकरी लागली आणि धंदा सुटला, खांद्यावरचा टॉवेल तेवढा राहिला.

शनिवारपर्यंत पंधरा प्रवेश झाले नाहीत तर विभाग बंद, असे फर्मान निघाले. तोवर एकही झाला नव्हता. मी ‘इतिहास-अध्ययनाचे समकालीन औचित्य’ हे आठ पानी माहितीपत्रक सिद्ध करून पाटोद्याच्या बसस्थानकावर वाटले. लोकांनी त्याने वारा घेतला.

“पत्रक लई भारी हाय, सर,” बंकट म्हणाला, “पन तुमी बोलाया लागले की गिऱ्हाईक उठतंय. उद्या बाजारात चला. फॉर्म घ्या, बोलनं घरी ठेवा.”

बाजारात त्याने पहिल्याच शेतकऱ्याचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि बैलाचा भाव करावा तशी आत बोटे दाबू लागला.

“हे काय चालले आहे?” मी विचारले.

“पोरगं आठवड्यात किती दिस पाठवायचं, ते ठरतंय. हे दोन म्हनतेत, मी पाचावर हाय.”

“मग उघड बोला.”

“उघड बोललं की शेजारचा बी तोच भाव मागंल.”

विद्यापीठाचा उपस्थितीचा नियम मला तोंडपाठ आहे. तो सांगण्यासाठी मी ओठ उघडले; बंकटने नुसते पाहिले; मी ते मिटले. फॉर्म भरण्यासाठी एका शांत बैलाची पाठ उपलब्ध झाली.

“बंकट, माल कुठंय बे?” गर्दीतून कोणी विचारले.

“ह्यो काय. आमचे सर.”

“दात बघू का?”

वीस वर्षांच्या सेवेत मी प्रथमच खळखळून हसलो. दात दिसले आणि दोन प्रवेश वाढले. दुपारपर्यंत चौदा झाले. मी चक्क शीळ घालत होतो.

पंधराव्यासाठी मात्र माणूस मिळेना. बाजार उठू लागला. तेवढ्यात शेळ्या राखणारी मनकर्णा मुलीला घेऊन आली. मुलगी ऋतुजा, बारावीला एकसष्ट टक्के. बाईमाणसाने टॉवेलाखाली हात घालण्याची रीत नव्हती, म्हणून बंकट अडखळला.

“शेळ्या मीच इकते, दादा. धर बोटं.”

बंकटने चार बोटे दाबली. तिने नकारार्थी मान हलवली. तो तीनवर आला, मग दोनवर, शेवटी घाम पुसत एकावर.

“खाली कावून चाललास? मी वर म्हनतीया. सात.”

“आक्का, कालेज सहाच दिस असतंय.”

“मंग सातव्या दिशी पोरगी घरी दिसंल. तिचा आजा तिला शेळ्यामागं धाडंल. एक दिस गेला की दुसरा बी जातोय. सात, न्हाई तर न्हाई.”

बंकटने हात काढून घेतला. “सर, ह्यो सौदा तुमचा.”

रविवार हा माझा तक्रारअर्ज लिहिण्याचा दिवस आहे. मी टॉवेलाखाली हात घातला आणि रविवारचा अर्धा दिवस मागून पाहिला. बाईने माझे बोट असे पिळले, की विद्यापीठाने आजवर माझ्या कोणत्याही मागणीची इतकी तत्पर दखल घेतलेली नाही. मी आधी पाच बोटे दाबली, मग आणखी दोन; सात झाले.

“सही कर, ऋतुजा,” मनकर्णा म्हणाली.

ऐन सहीच्या वेळी बैल पुढे सरकला. ऋतुजा पेन न उचलता त्याच्यासोबत चालत राहिली आणि तिची सही ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ या रकान्यातून थेट प्राचार्यांच्या जागेपर्यंत गेली. कार्यालयाने अद्याप आक्षेप घेतलेला नाही.