कुंपणाकडचा तरोटा

रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देताना डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास हिरवळीत चालत जा. मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या बागेत हिरवळ आहे, पण तिच्यावर पाय ठेवू नये अशी पाटीही आहे. म्हणून मी कडेच्या फरशीवरून फेऱ्या मारायचो. तिथली झाडं सगळी ट्रकमधून आलेली. एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही. चार महिने चाललो. शिफ्टचा शीण होता तिथेच राहिला, वर पाय दुखायला लागले.

पावसाळ्यात एका संध्याकाळी महाळुंग्याला कंपनीसमोर बसची वाट पाहत होतो. कुंपणाच्या भिंतीला लागून, गुटख्याच्या पुड्यांमध्ये तरोटा उगवला होता. गावाकडे आई त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करायची आणि पाला खुडायचं काम माझ्याकडे असायचं. आठवडाभरात कुणीतरी तण म्हणून तो उपटणार, हे दिसतच होतं. दिवस मावळत होता आणि त्याची पानं जोडीजोडीनं मिटत होती. शेवटचं पान मिटेपर्यंत मी उभा राहिलो. एक बस गेली, दुसरीही गेली. समोर कंटेनरची रांग, धूर, हॉर्न सगळं तसंच होतं. माझे खांदे मात्र कधी सैल झाले ते कळलं नाही.

घरी पोचलो तर बायको म्हणाली, "आज बागेत फिरायला जायचं नाही का?"

"फिरून आलो," म्हणालो आणि जेवायला बसलो.