पांढरा पट्टा आणि होडीची गाठ

मंडळी, वय चोपन्न, धंदा मासळीचा, आणि आज सकाळी डहाणूत माझा कराटेचा पहिला क्लास झाला. हसा हवं तर.

शेजारची वहिनी कालच म्हणाली होती, "या वयात हाडं मोडून घेशील." तरी गेलेच.

क्लासमध्ये सगळी शाळेतली पोरं. सरांनी पांढरा पट्टा दिला. होडीचा दोर खुंट्याला बांधते तसा मी तो सवयीने कमरेला आवळला. पोरं खिदळली.

सर म्हणाले, "मावशी, चुकलं. सोडा ती गाठ. आज मागे बसून नुसतं बघा."

"बघायला नाही आले मी. आणि ही गाठ तुम्हीच सोडवून दाखवा."

सरांनी ओढली, तशी ती आणखी घट्ट झाली. शेवटी मीच सोडली, त्यांनी दाखवली तशी बांधली आणि पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिले.

आता गुडघे ठणकताहेत. पण संध्याकाळी मुद्दाम साडीवर तोच पट्टा बांधून वाळलेले बोंबील दोरीवरून काढले, वहिनीच्या दारासमोर.

तुम्हाला कोणी "मागे बसून बघा" म्हणालं, तर तुम्ही बसता का हो?