बाळंतिणींचं बेट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून मला साधी तंबाखूसुद्धा लपवता आलेली नाही, म्हणजे बघा. एकदोनदा ओठांवर आलं होतं. गिळलं. गिळण्यात माझा हात कोण धरणार?

मलकापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. तिथं भिंतीवर एका पक्ष्याचा भला मोठा फोटो लावलाय. नदी सुरय पक्ष्याची मादी — काळी टोपी, पिवळी चोच, पंख पसरून हवेत थबकलेली, ओल्या पोटावरून पाणी गळतंय, आणि नजर थेट तुमच्या डोळ्यांत. या फोटोला एका मोठ्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. ‘मातृत्व’ हे नाव मीच दिलं. लोक म्हणतात, आईची माया काय पकडली हो तुम्ही! मी हसतो. हसवतं तरी कसं मला?

फोटो मोताळ्याकडच्या एका धरणावरचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधोमध खडीचा एक उंचवटा उघडा पडतो, आणि हे पक्षी तिथं उघड्यावरच, खड्यांमध्ये अंडी घालतात. धरणात मासे धरणारे भोई त्याला बाळंतिणींचं बेट म्हणतात. पिल्लं उडेपर्यंत तिथं कुणी पाय ठेवत नाही, जाळंसुद्धा वाळत घालत नाही. कुणी कायदा केला नाही की पाटी लावली नाही. भिकाकाका म्हणायचे, "बाळंतिणीच्या खोलीत चपला घालून जाते का कोनी?"

भिकाकाका म्हणजे मला त्यांच्या डोंग्यातून धरणावर फिरवणारे म्हातारे भोई. माझ्यावर जीव होता त्यांचा. त्या सकाळी मी त्यांना शब्द दिला होता, की फोटो डोंग्यात बसूनच काढीन. पण डोंगा हलतो, फोटो हलतो — आणि स्पर्धेची मुदत तोंडावर आलेली. मग मी काय केलं? पोटात कळ आल्याचं सोंग. असा काही वाकलो की काका घाबरलेच. किनारा लांब होता. बिचाऱ्यांनी नाइलाजानं डोंगा बेटाच्या टोकाला लावला, माझ्या हातात पाण्याचा डबा दिला, आणि मला संकोच नको म्हणून पलीकडच्या अंगाला जाळी काढायला निघून गेले. सांगा, अशा माणसाला फसवायला काही अक्कल लागते?

मी सरळ घरट्यांत जाऊन बसलो. अंड्यांवर सावली धरणारं थोडं वाळलं गवत होतं, ते फोटोत आडवं येत होतं, म्हणून उपटून टाकलं. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, खडीवर अनवाणी पाय टेकवत नाही. त्या उन्हात अंडी भाजू नयेत म्हणून ती आई पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. मी तिथं ठाण मांडलेलं, म्हणून तिला बसता येईना. भिजून यायची, माझ्या डोक्यावर घिरट्या घालायची, पोट वाळायचं, पुन्हा पाण्याकडे जायची. मला हे कळत होतं हो. न कळण्याइतका मी नवखा नव्हतो. दर फेरीला मी मनात म्हणत होतो — अजून एकदा ये, या वेळी नजर इकडे दे. शेवटी दिली तिनं. काय होतं त्या नजरेत? मातृत्व? ‘ऊठ बे इथून’ — एवढंच होतं.

काका परत आले तेव्हा मी टोकाशी रिकामा डबा घेऊन उभा होतो. बरं वाटते का म्हणून त्यांनी विचारलं, आणि स्वतःच्या शिदोरीतलं ताक मला पाजलं. मी ते प्यायलो.

आठवडाभरात बेट रिकामं झालं. अंडी तशीच पडलेली आणि पक्षी सगळे उठून गेलेले. काकांचा डोंगा बेटाला लागलेला काहींनी पाहिला होता. काठावर भोयांची बैठक बसली, मलाही बोलावणं आलं. काकांनी खरं तेच सांगितलं — पाहुण्याचं पोट बिघडलं म्हणून टोकाला उतरवला, तो काही आत गेला नसेल. बघा, तेव्हाही माझीच बाजू घेत होते! मग सगळे माझ्याकडे वळले. फोटो स्पर्धेला पाठवून झाला होता, आणि घरट्यात जाऊन काढलेला फोटो तिथं बाद ठरतो. हो, उतरलो होतो — एवढं बोललो असतो तरी म्हातारा सुटला असता.

मी म्हणालो, "मी बेटावर उतरलोच नाही."

वाटलं, काका भांडतील. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघत राहिले. ते खोटे ठरले, वर बाळंतिणींवर पाय देणारेही तेच ठरले. त्या दिवसापासून त्यांच्यासोबत जाळं ओढायला कुणी उभं राहिना, आणि मोठं जाळं एकट्यानं ओढवत नाही. डोंगा काठावर पालथा पडला. जन्म पाण्यावर काढलेला माणूस मलकापुरात कापसाच्या एका जिनिंगमध्ये सरकीची पोती भरायला लागला. मला हे कळलं तेव्हा मी काय केलं? त्या रस्त्यानं जाणं सोडलं.

मागच्या हिवाळ्यात ते स्टुडिओत आले. कसल्याशा कार्डासाठी फोटो हवा होता. स्टुडिओ माझा आहे हे त्यांना ठाऊक नसावं. डोक्याला, मिशीला कापसाचे तंतू चिकटलेले. मला ओळखलं. भिंतीसमोर उभे राहून तो फोटो बघत राहिले. आता शिवी देतील, असं मला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"पोट ओलं हाय तिचं," ते म्हणाले. "भाऊ, तिले बसू काऊन नाई देल्लं?"

स्वतःबद्दल एक अक्षर नाही. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, ती आमच्याकडे बघायला लागली. मी काकांना स्टुलावर बसवलं, मागं पांढरा पडदा ओढला, आणि म्हणालो, "मान जरा वर घ्या."

त्यांनी घेतली. मी फोटो काढला.