ओली माती, कोरडे टमाटर

आमच्या घरचा गणपती कधी विकत आणलेला नव्हता. बाबा तो घरीच घडवायचे, आणि दरवर्षी त्याच मातीचा. विसर्जन बादलीत व्हायचं. माती खाली बसली की वरचं पाणी तुळशीला जायचं आणि गोळा पुढच्या भाद्रपदापर्यंत टबात, ओल्या गोणपाटाखाली राहायचा. रंग लावायचा नाही, त्यामुळे माती स्वच्छ राहते. वाळली तर पुन्हा भिजवता येते, पण मुरलेल्या मातीची मजा मग तिला राहत नाही, असं बाबांचं म्हणणं. विरजणासारखी ती जपायची. जन्मभर शाळेत ड्रॉइंग शिकवलेल्या माणसाचे असे काही हट्ट असायचेच.

यंदा थंडी सरता सरता बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय बराचसा सुधारला, हात नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तेव्हा गॅलरीत कूलरच्या गारव्याला ठेवलेल्या टबाचं काम माझ्याकडे आलं. गोणपाट निथळता ठेवला तर वरच्या मातीचा चिखल होतो, म्हणून तो बुडवून घट्ट पिळायचा आणि मग घालायचा. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात सकाळी घातलेला गोणपाट दुपारी पापडासारखा कडक. तिकडे लाइट गेली, कूलर बंद पडला असेल, या विचाराने मी ऑफिसात बसून कासावीस व्हायची.

त्याच गॅलरीत, कूलरच्या बाजूला, टमाटरही असायचे. आम्ही इथले मराठी टोमॅटो म्हणत नाही. म्हटलंच तर भाजीवाला तोंडाकडे बघत राहतो. हजीऱ्याच्या बाजारात स्वस्त मिळाले की मी पिशवीभर उचलते. फ्रिजमध्ये त्यांची चव जाते, म्हणून देठाची बाजू खाली करून, एकमेकांना टेकणार नाहीत असे, कोरड्या कागदावर मांडायचे. जरा पाणी लागलं की सडलेच. मातीला पाणी हवं, टमाटरला नको, आणि घरात थंड जागा एकच. म्हणून टब स्टुलावर आणि टमाटर त्याखाली, जमिनीवर.

खरं सांगायचं तर मला मातीचं फारसं काही पडलं नव्हतं. माती कामाची राहिली तर बाबा गणपती करतील, एवढीच माझी आशा होती. ती वाळली की त्यांना नाही म्हणायला कारण मिळेल, याची मला भीती वाटायची. लोक नवस बोलतात, मी गोणपाट पिळत होते.

जूनमध्ये ऑफिसने मला ट्रेनिंगला भोपाळला पाठवलं. जेवणाचा डबा खालच्या काकू देणार होत्या. निघताना मी दारातून बाबांना बजावलं, "सकाळ-संध्याकाळ गोणपाट ओला करा. आणि टमाटरला पाणी लागू देऊ नका. बस, इतकंच."

"हो हो, समजलं. तू निघ, गाडी सुटून जाईल तुझी."

फोनवर मी रोज विचारायची, "माती कशी आहे?" बाबांचं उत्तर ठरलेलं, "एकदम बढिया."

परत आले ती चपला न काढताच गॅलरीत गेले. आधी वास आला. टमाटरचा कागद भिजून फरशीला चिकटला होता, त्यावर पांढरी बुरशी, बरेचसे टमाटर फुटून वाहत होते. वर टबातली माती कडेने सुटली होती आणि मधोमध तडकली होती. गोणपाट कोपऱ्यात पडला होता.

माझा पारा चढला. प्रवासाचा शीण होता, ऊन होतं, आणि स्वभावही आहेच. आई म्हणायची, ही आधी बोलते, मग श्वास घेते.

"कमाल केलीत बाबा! माती कोरडी आणि टमाटर ओले! सांगितलं त्याच्या बरोबर उलटं! आणि मला फोनवर बढिया, बढिया? गणपती करायचा नाही तर सरळ सांगा ना!"

बाबा रागावले नाहीत. खुर्चीतून हळूहळू उठले, गॅलरीत आले, गोणपाट बादलीत बुडवला आणि डाव्या हाताने टबावर धरला. पाण्याची धार लागली. उजवा हात त्यांनी कसाबसा गोणपाटापर्यंत नेला. बोटं नुसती टेकली, पकड आलीच नाही. पाणी टबाच्या कडेवरून, स्टुलावरून खाली टमाटरवर गेलं.

"माझ्याकडून निचोडलं जात नाही, बेटा," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी ट्राय केलं. सगळं पाणी टमाटरवर. दुसऱ्या दिवशी पण तेच झालं. मग सोडून दिलं."

"मग काकूंना सांगायचं होतं."

"काय सांगू त्यांना? की मला फडकं निचोडून द्या?"

पिळायला दोन हात लागतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी गोणपाट त्यांच्याकडून घेतला आणि जोर लावून पिळला, नको तितका पिळला.

"वाळली तर वाळली," मी म्हणाले. "फोडून भिजवू. भाद्रपदाला अजून वेळ आहे."

"भिजव. माती होऊन जाईल ठीक." मग बाबा दूध आणायला सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "गणपती यंदा बाजारातूनच आणू."

हे एक वाक्य ऐकावं लागू नये म्हणून मी सगळा उन्हाळा घालवला होता. नाही म्हणावं, भांडावं, असं फार वाटलं. पण बाबांचा उजवा हात ओला होता. आजारपणापासून तो ते कुर्त्याच्या खिशात घालून बसायचे, माझ्यापासूनसुद्धा लपवायचे. आता तो त्यांनी माझ्यापुढे धरला होता, पुसून दे म्हणून. मी टॉवेल आणला. एकेक बोट पुसलं आणि मी म्हणाले, "बरं बाबा. आणू."